तुळजाबाईची सून

“दुखतं म्हणजे कसं दुखतं गो?” राहीबाईनं विचारलं.

उंबऱ्याशी अंग चोरून बसलेली तुळजाबाई दचकली. ती नाते गावाहून महाडला आणि महाडहून गाडी बदलून इथं वरंधला आली होती. “माझं नाय गो मावशे, सुनेचं,” ती घाईनं म्हणाली. “नवरा जवळ आला की ती आकसून जाते. लाकूड होते निस्तं. खाली सगळं आवळून येतं, सुरी चालल्यावानी दुखतं. मग ती डोळे मिटून पडते, आणि नवरा तोंड फिरवून निजतो.”

राहीबाईच्या हातातली सुपारी हातातच राहिली. साठी उलटलेली सुईण ती. वरंधची निम्मी पोरं तिच्या हातावर जगात आलेली. बाया तिच्याकडे मूल व्हावं म्हणून यायच्या, होऊ नये म्हणूनही यायच्या. पण बाईला नवऱ्यापाशी सुख लाभत नाही, हे गाऱ्हाणं घेऊन आजवर कुणी आलं नव्हतं. आणि आलं कोण, तर सासू! सून नवऱ्याशी हसून बोलली तरी भांडी आदळणाऱ्या सासवा तिनं ढिगानं पाहिल्या होत्या.

“धन्य हायस बाय तू,” ती म्हणाली. “नाते गावात सुईण नाय काय?”

“हाय. पण तिच्या तोंडात तीळ भिजत नाय.”

“मग सुनेला का नाय आणलंस?”

“लाजते ती. मला शिकव, मी घरी तिला शिकवीन.” तुळजाबाईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. “शिमग्याला घरचं माणूस मुंबैवरनं येणार हाय. मागल्या गणपतीत सण आटपायच्या आधीच पिशवी उचलून गेलं. रागावलं नाय, एक शबुद बोललं नाय. औंदा पण तसंच झालं, तर परत यायचंच नाय ते, मावशे.”

सुनेच्या संसारासाठी केवढा हा जीव टांगणीला, असं राहीबाईला वाटलं. तिनं कमरेची पानसुपारीची चंची काढून समोर धरली.

“हे बघ. दोरी ओढली की चंचीचं तोंड मिटतं. बाईच्या अंगात खाली असंच हाय. भ्यालं की आपसूक आवळतं. सारखं भ्यालं की सैल कसं सोडायचं त्याचा विसर पडतो. मग जोर लावला तर दुखणारच. त्यात तिचा दोष नाय गो.”

“दोष नाय?”

“अजिबात नाय.”

“खरंच नाय, मावशे?”

“नाय म्हणतेय ना! पड हितं आडवी. तुला कळलं तरच तिला सांगशील.”

तुळजाबाई घोंगडीवर आडवी झाली. राहीबाईनं तिचाच हात तिच्या बेंबीखाली ठेवला. “पयले दात सोड. वर दात आवळलेले असले की खालचंही सुटत नाय. आता श्वास हाताखाली जाऊदे. पोट फुगूदे, कोण बघत नाय. आणि सोडताना खालनं सैल सोड, लघवीला बसल्यावर सोडतो तसं. जोर नाय करायचा. निस्तं सोडायचं.”

बराच वेळ काही झालं नाही. बाहेर ओढ्यावर कुणीतरी धुणं आपटत होतं. राहीबाई हळू आवाजात सांगत राहिली, सोड, आणखी सोड. आणि मग एकाएकी तुळजाबाईच्या मांड्या, कंबर, खांदे, सगळं घोंगडीवर टेकलं. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

“अगो बाय,” ती पुटपुटली. “हे असं असतं व्हय?”

राहीबाईच्या अंगावर काटा आला. अंग उघडतं ते वेणा देऊन, आरडून-ओरडून, एवढंच तिनं जन्मभर पाहिलं होतं. नुसती भीती सुटली म्हणून एक बाई अशी आतून निवांत झालेली ती पहिल्यांदाच बघत होती. देवळात जोडतात तसे तिचे हात जोडले गेले.

“सुनेला ऊन पाण्यात बसव,” ती नंतर म्हणाली. “खोबरेल लावूदे. घाई नको. आधी बोलायचं, हसायचं. दुखलं तर थांब म्हणायचं, आणि परत श्वास घ्यायचा. काय गोड वाटतं ते तिनंच नवऱ्याला सांगायचं.”

“सांगायचं? तोंडानं?” तुळजाबाईचे कान लाल झाले.

“मग काय तार करायची?”

दोघी पोट धरून हसल्या. त्यानंतर तुळजाबाई पुन्हा पुन्हा येत राहिली. दर खेपेला सुनेची खबर असायची. आता तिला एकटीला जमतं. आता तिला झोप लागते. राहीबाई ऐकायची आणि तिला वाटायचं, ही पोर एकदा बघायला हवी. जिला अशी सासू मिळाली, तिचं नशीब तरी काय म्हणावं!

शिमग्यात नाते गावच्या बनुबाईकडून तिच्या लेकीच्या बाळंतपणाचं बोलावणं आलं. मूल सुखरूप झालं, बाळंतीण निजली, आणि राहीबाई बनुबाईबरोबर पालखी बघायला गेली.

गर्दीत तुळजाबाई दिसली. हिरवं लुगडं, डोईत अबोलीचा वळेसर. मान मागं टाकून, दात दाखवत ती मोकळी हसत होती. मुंबईच्या शिलाईचा कोट घातलेला, पिकल्या मिशांचा तिचा नवरा तिच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवत होता. त्या खोबऱ्याकडे तुळजाबाईचं लक्षच नव्हतं, ती त्याच्या तोंडाकडे बघत होती.

राहीबाईला भरून आलं. सुनेचं सुख बघून सासू एवढी खुलते! दोघांच्या मागंच नवी चोळी घातलेली एक तरणी पोर उभी होती. हीच ती.

“बनुबाय, ती तुळजाबाईची सून ना गो? मला तिला डोळे भरून बघायचंय.”

“ती? ती मुरारीची लेक,” बनुबाई म्हणाली. “तुळजाबाईला पोरच झालं नाय, तर सून कुठनं येणार?”