हेडसरांचा नियम

फोन वाजला आणि नर्सबाई ताडकन उभ्या राहिल्या. एरवी गुडघ्यांच्या नावाने दिवसभर कण्हणाऱ्या बाई, पण आता विजेसारख्या उठल्या. उठून त्यांनी स्पीकर लावला.

"आई, गॅस बंद केलात ना हो जाताना?" सुनेचा आवाज खोलीभर घुमला.

"केला गं बाई! वर्ग चालू आहे माझा." फोन ठेवून नर्सबाईंनी सगळ्यांकडे पाहिलं. "करमतच नाही हो तिला माझ्याशिवाय."

वाचनालयाच्या माडीवर म्हाताऱ्यांना मोबाइल शिकवायचा हा वर्ग. शिकवणारी पोरगी नातीच्या वयाची, पण सगळे तिला मॅडम म्हणत. आणि नियम होता हेडसरांचा. जन्मभर शाळेला वठणीवर आणलेल्या या माणसाने पहिल्याच दिवशी फर्मान काढलं होतं: ज्याचा फोन वाजेल त्याने उभं राहायचं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलायचं. चारचौघांत शोभा झाली की फोन आपोआप बंद राहतील.

झालं भलतंच. शोभा कसली? आपली कुणाला तरी आठवण येते, हे वर्गासमोर सिद्ध करायची सोय झाली. जो तो फोनचा आवाज चढवूनच येऊ लागला. निवृत्त कॅशियरने तर जावयाला वेळ नेमून दिली होती म्हणे.

वाजत नव्हता तो फक्त हेडसरांचा फोन.

"हेडसर मात्र शिस्तीचे," नर्सबाई बसता बसता म्हणाल्या. "कधी म्हणून वाजू देत नाहीत."

हे हेडसरांच्या वर्मी लागलं. त्यांचा फोन समोर बाकावर होता, आवाज पूर्ण मोठा. मुलगा लांब राहायचा. त्याला वेळ नसायचा. एकदा, फक्त एकदा, या सगळ्यांच्या देखत वाजावा, एवढीच त्यांची इच्छा होती.

मॅडम फोटो कसा पाठवायचा ते सांगायला लागली आणि फोन वाजला. नर्सबाईंनी सवयीने पर्स उघडली. पण वाजत होता तो हेडसरांचा.

हेडसर उठले. शर्ट सारखा केला. स्पीकर लावला.

"नमस्कार!" एक गोड आवाज आला.

"सूनबाई वाटतं," नर्सबाई कुजबुजल्या.

"बोल बेटा," हेडसर म्हणाले. "कशी आहेस?"

"आपल्यासाठी आनंदाची बातमी! दातांच्या कवळीवर या महिन्यात खास सवलत. अधिक माहितीसाठी एक दाबा."

कुणी हसलं नाही. कॅशियरने चष्मा काढून पुसायला घेतला. मॅडम कोराच फळा पुसू लागली.

हेडसरांचे कान लाल झाले. फोन बंद कसा करायचा ते त्यांना चांगलं येत होतं. तरी त्यांनी तो केला नाही. कवळीचे सगळे प्रकार त्यांनी उभ्याने, शेवटपर्यंत ऐकून घेतले.

"आत्ता वर्ग चालू आहे," मग ते जरबेने म्हणाले.

"धन्यवाद. आम्ही आपल्याला पुन्हा फोन करू."

फोन बंद झाला. हेडसर सावकाश खाली बसले आणि नर्सबाईंकडे वळले.

"परत करणार आहे म्हणाली," ते म्हणाले.