सकाळची पहिली थुंकी

"डबी नीट धरा, सांडलं तर पुसायला मी येणार नाही!" नाकावर रुमाल धरून मुकादम खेकसला आणि रांगेतल्या पुढच्या बाईसमोर त्याने दोन बोटांत डबी धरली.

बिस्किटांच्या कारखान्यात पॅकिंगच्या एका बाईला क्षय निघाला होता. मालकाने तिला त्याच दिवशी घरी बसवलं आणि फर्मान काढलं. सगळ्यांची थुंकी तपासायची, मुकादमासकट. ज्याचा रिपोर्ट वाईट, त्याची नोकरी गेली.

"उद्या उठल्या उठल्या चूळ भरायची, खोलवरून खाकरून काढायची. नुसती लाळ चालणार नाही," मुकादम बजावत होता. "एकेका खोलीत दहा-दहा जण झोपता. मग रोग नाही तर काय लक्ष्मी येणार?"

"मोठी खोली परवडेल एवढा पगार द्या की, साहेब," पॅकिंगमधली मावशी म्हणाली. "ते नाही तर निदान इथल्या खिडक्या तरी उघडा."

"आणि बिस्किटांवर धूळ बसली म्हणजे?"

बायका फिदीफिदी हसल्या. मुकादमाला ते झोंबलं, आणि नेमका तेव्हाच त्याला खोकला आला. महिनाभर येत होता. पण बायकांचा खोकला म्हणजे रोग आणि आपला म्हणजे सिगरेटचा, असा निकाल त्याने परस्पर लावून टाकला होता. स्वतःच्या खटल्यात स्वतःच न्यायाधीश व्हायला फार अक्कल लागत नाही.

घरी मात्र त्याला जेवण गेलं नाही.

"रिपोर्ट वाईट आला तर? या वयात कोण दारात उभं करणार?" बायको म्हणाली.

"येत नाही वाईट. आपलं घर काय झोपडपट्टी आहे? दूध, अंडी, गॅलरीतून वारा. लेकीकडे बघ. धावण्याची किती पदकं आहेत!"

"हल्ली वाळत चाललीय हो ती."

"अगं, फॅशन आहे ती. तुला नाही कळायचं."

सकाळी त्याने लेकीला कधी नव्हे ते लवकर उठवलं. ती कुरकुरत मोरीत गेली आणि परत येऊन झोपली. मुकादमाने डबीचं झाकण घट्ट लावलं, वर सुवाच्य अक्षरात आपलं नाव लिहिलं आणि शीळ घालत कामाला निघाला.

आठवड्याने मालकाच्या केबिनमध्ये डॉक्टरीणबाईंनी यादी वाचली. पॅकिंगच्या साऱ्या बायका ठणठणीत निघाल्या. वाईट रिपोर्ट एकच होता, मुकादमाचा.

मालकाने खुर्ची मागे सरकवली आणि रुमाल नाकाला लावला.

"तुम्हाला तर बरा पगार देतो मी. तरी असे राहता? उद्यापासून येऊ नका."

मालक बाहेर निघून गेला. डॉक्टरीणबाईंना मुकादमाची कीव आली.

"घाबरू नका. औषध फुकट मिळतं, नेमाने घेतलं तर माणूस बरा होतो. पण जंतू खूप आहेत, आजार बराच जुना दिसतोय. आता घरच्या सगळ्यांना तपासायला हवं. कोणाकोणाला आणता?"

"बायकोला आणतो," मुकादम कसाबसा म्हणाला, "आणि माझीही थुंकी घ्या. ही लेकीची आहे."