भिंतीवरचं नाव

रिसोडहून निघालेली सहलीची बस दिल्लीतल्या युद्धस्मारकापाशी थांबली. मनकर्णाबाईंचा नवरा एकाहत्तरच्या लढाईवर गेला तो परत आला नाही, आणि गेल्याची खबरही कधी आली नाही.

"आजी, नाव सांगा. शहिदांच्या भिंतीवर शोधून देतो," गाइड म्हणाला.

उखाण्याबाहेर मनकर्णाबाईंनी ते नाव कधी घेतलंच नव्हतं. शेवटी नात राखीच बोलली, "इंद्रभान बोडखे."

गाइडनं भिंतीमागून भिंत पाहिली, तिथल्या मशीनवरही शोधलं आणि मान खाली घालून परत आला.

"माफ करा आजी. इथं त्यांचं नाव नाही."

सारी बस हळहळली. "आपल्या गावचा मानूस लढाले गेला, अन् याइले त्याचं नाव लिवाले जागा नाई?" शेजारचा हरीओम तावातावानं म्हणाला. राखीचे डोळे भरून आले. मनकर्णाबाई मात्र त्या सोनेरी अक्षरांकडे नुसत्या पाहत उभ्या होत्या, चेहऱ्यावर हसू नाही की आसू नाही.



मग म्हणाल्या, "राखी, तुह्या बापाले फोन लाव. त्याले म्हन, आज राती बी दाराले आतून कडी लावू नोको."