चाकाची दोरी

मोटार एकदा चिखलात घसरली, की चंद्रव्वाचा फायदा उघड होता: नवरा गुरुसिद्धप्पा वैतागून मोटार विकणार आणि तिला परत मिळणार. नवी पेठेतला हा कापडवाला बायकोकडं ढुंकून बघत नसे, मोटारीला मात्र रोज स्वतः धुवायचा. शेजारची सोजरबाई भिंतीवरून विचारायची, "काय गं, सवतीची आंघोळ झाली का?"

ओल्या रस्त्यावर चाकं घसरू नयेत म्हणून तो त्यांना काथ्याची दोरी गुंडाळायचा. आभाळ भरून आलेलं बघून चंद्रव्वानं सीटखालची दोरी काढली आणि चुलीत घातली.

तेवढ्यात तो म्हणाला, "चल, तुला माहेरी अक्कलकोटला नेतो. लगीन झाल्यापासून कुटं नेलंच न्हाय की तुला!"

ती ट्रंक घेऊन बसली. चुलीत दोरीची राख झाली होती.

वाटेत पाऊस आला आणि काळ्या मातीत मोटार ओढ्याकडं घसरली. गुरुसिद्धप्पानं सीटखाली चाचपलं, मग तिची ट्रंक उघडली. "चाकाला काय तरी बांधल्याबिगर एक पाऊल हलायचं न्हाय."



माहेरच्या दारात मोटार थाटात उभी राहिली, ती चंद्रव्वाचं लग्नातलं इरकल लुगडं चाकांवर नेसून.