समुद्राची सरळ रेघ

“क्षितिज तिरकं झालंय. हात लागला ना तुझा?” लाटांच्या आवाजात ऐकू जावं म्हणून आजोबा ओरडले. घरामागच्या जांभ्याच्या कड्यावर ट्रायपॉड लावून ते नातीला वादळी समुद्राचा फोटो घ्यायला शिकवत होते.

“मी कशाला हात लावू? तुम्हीच म्हणालात, लांबून बघ.”

“बरं, पुन्हा बघू. समुद्र कधी तिरका नसतो, मंजू. तिरके आपण असतो.” त्यांनी हसत कॅमेरा सरळ केला. दोघं स्क्रीनकडे बघत राहिली. कोणी हात न लावताही समुद्राची रेघ हळूहळू एका बाजूला उतरली.

आजोबांचं हसू मावळलं. कॅमेरा तिथेच सोडून त्यांनी नातीला उचललं आणि घराकडे धाव घेतली. मागे धाडकन आवाज झाला. वळून पाहिलं, तर ट्रायपॉडखालची जमीनच उरली नव्हती.

घरी आईने दोघांना चुलीपाशी बसवून ताटात गरम पेज वाढली. “वाचलात एकदाचे! आता घराबाहेर पडायचं नाही.”

मंजू जेवेना. ती ताटाकडे टक लावून बघत होती.

“आजोबा,” ती हळूच म्हणाली, “पेजेचं क्षितिजही तिरकं झालंय. मी हात नाही लावला.”