भिंतीआडची गाडी

या मायबाप, जरा जवळ सरका. मातान्सास शहरातल्या एका घरातल्या शनिवारची गोष्ट सांगतो. चर्चमधल्या माउलीला स्मरून सांगतो, तिखटमीठ लावणार नाही.

सकाळी नऊला एवेलियोची गाडी चालू झाली. अकरा वर्षं तो तिच्याशी झटत होता. आधी ती खोकली, घरभर निळा धूर सोडला, आणि मग अशी संथ लयीत धडधडू लागली की एवेलियोने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. इंजिन रशियन जीपचं होतं, ब्रेकमध्ये शाम्पू आणि स्पिरिट कालवून भरलं होतं, घडीच्या छताला ट्रकची ताडपत्री होती. पण पत्रा तोच. एवेलियोची आई पंधरा वर्षांची झाली त्या दिवशी याच उघड्या गाडीतून खाडीकाठाने मिरवली होती. मुलगी पंधराची झाली की मिरवायची, ही तिथली रीत. आज पंधरावं त्याच्या मुलीचं, दायलिनचं होतं. संध्याकाळी पाचला मिरवणूक.

दायलिन केसांना गुंडाळ्या लावून उभी होती. तिने टाळ्या वाजवल्या. मग गाडीच्या नाकासमोरच्या भिंतीकडे पाहिलं.

"पप्पा, ही बाहेर कशी काढायची?"

भिंत एवेलियोनेच घातली होती. नऊ वर्षांपूर्वी मिग्दालियाशी काडीमोड झाला. दोघांपैकी कुणालाच दुसरं घर मिळेना, तेव्हा त्याने दोन दिवसांत होतं तेच घर मधोमध चिरलं. रस्त्याकडचा भाग बायकोला आणि लेकीला, मागचा स्वतःला; गाडी तिथेच ठोकळ्यांवर उभी होती. त्याला येण्याजाण्यासाठी बाजूचा बोळ उरला, तोही अंग चोरून जावं असा. दोन वर्षं झटूनही गाडी कधी चालेल असं तेव्हा त्याच्या मनातही नव्हतं. पुढे कार्बोरेटरचं भोक त्याने केसाएवढं मोजलं, पण दार काही मोजलं नाही. बग्ग्यांच्या काळातला घराचा एकुलता रुंद दरवाजा आता मिग्दालियाच्या झोपायच्या खोलीत होता.

एवेलियो बोळातून पुढे गेला आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा तो दरवाजा वाजवला. आत मिग्दालिया लेकीच्या झग्याला इस्त्री करत होती. तिचा दुसरा नवरा ओरेस्तेस बेकरीतली रात्रपाळी करून आला होता आणि पिठाच्या हातांनीच कॉफी पीत होता.

"भिंत पाडावी लागेल," एवेलियो म्हणाला.

"बांधताना विचारलं नव्हतंस." मिग्दालियाने इस्त्री थांबवली नाही. "सुधारलास म्हणायचा."

"परत बांधायला सिमेंट नाही मिळायचं. सरकारी यादीत नाव लावलं तरी वर्ष जाईल."

"म्हणजे वर्षभर उठल्या उठल्या तुझं तोंड बघायचं."

"मलाही तुझंच बघायचंय. म्हणून म्हणतो, भाड्याची आणू. गुलाबी मिळते, सजवलेली."

"मला गुलाबी नको." दायलिन त्याच्या मागे येऊन उभी होती. "शाळेत तुम्ही कधीच आला नाहीत, पप्पा. विचारलं की म्हणायचात, गाडी करतोय, तुझ्या पंधराव्यासाठी. मग आता तीच आणा."

इस्त्री थांबली. एवेलियो बोळातून परत गेला.

त्याने घण उचलला आणि पुन्हा खाली ठेवला. भिंत होती म्हणून या घरात राहता येत होतं. दुसरीकडे जायला जागा नव्हती, आणि ही पडली की इथेही उरणार नव्हती. त्याने पुन्हा घण उचलला. हात खांद्याच्या वर जाईना.

तेवढ्यात पलीकडून धक्का बसला. गिलाव्याचा पोपडा त्याच्या पायाशी येऊन पडला.

"एवेलियो," भिंतीतून ओरेस्तेसचा आवाज आला, "मागे सर बाबा. पायावर वीट पडेल."

दोन्हीकडचं सामान कोपऱ्यांत ढकललं. दोनपर्यंत भिंत गेली. साडेचारला गाडी मिग्दालियाच्या खोलीतून, तिच्या फरशीवर काळे पट्टे ओढत, रस्त्यावर आली. आळी टाळ्या वाजवत होती. दायलिन पिवळा झगा सावरत मागे उंचावर बसली. पुढे आईबापांनी बसायचं, अशी रीत. वेगळे झाले म्हणून ती काही सुटत नाही. एवेलियोने मिग्दालियासाठी दार उघडलं.

"समोर बघून चालव," ती बसत म्हणाली. "माझ्याकडे बघून खूप झालं."

लोक हसले. गाडी खाडीकडे वळली आणि माणसंही तिच्यामागे गेली.

ओरेस्तेस मागे राहिला. रीतीत त्याची जागा नव्हती. तो झाडू घेऊन आत आला आणि विटांचा चुरा लोटू लागला. शाबूत विटा त्याने एका बाजूला रचल्या. फरशी उघडी झाली तसे तिच्यावर डाग दिसले: त्याच्या आणि मिग्दालियाच्या पलंगाच्या पायांचे. भिंतीच्या रेघेपलीकडे एका अरुंद खाटेच्या पायांचे. दोन्हीकडे उशाची बाजू भिंतीलाच होती. मधलं अंतर त्याने वाकून हाताने मोजलं. चार बोटं भरलं.

मिग्दालियाची उशी आणि एवेलियोची उशी, मध्ये एवढंच.

दूर खाडीवर हॉर्न वाजला. ती मंडळी परतायच्या आत खोली लावायला हवी होती. ओरेस्तेसने आधी एवेलियोची खाट उचलून तिच्या डागांवर जशीच्या तशी ठेवली, चादरही झटकून घातली. मग आपला पलंग धरला आणि उलट्या बाजूला, खाटेपासून दूर ओढत नेला. रुंद दरवाज्याला पलंग टेकला. त्याने आणखी एकदा जोर लावून पाहिला. त्यापलीकडे घर नव्हतं.

मायबाप, रविवारी माउलीपुढे मेणबत्ती लावाल, गाता गाता आपल्या माणसांची नावं घ्याल, तेव्हा एक नाव ओरेस्तेसचं घ्या.