फांदी आड येत होती

"काकू, तुमच्या पिल्लांना राज्यात पहिलं बक्षीस!" पक्ष्यांचे फोटो काढत फिरणाऱ्या त्या पोराने फोटोची फ्रेम माझ्या हातात दिली. घरट्यात बुलबुलाची तीन पिल्लं, चोची वासून, लख्ख उन्हात. "उडाली असतील ना आता?"

हे घरटं चैत्रात मीच त्याला दाखवलं होतं, वर चहाही पाजला होता. मग मी बाजाराला गेले. परतले तर लिंबोणीची फांदी छाटून खाली टाकलेली आणि उघड्या पडलेल्या घरट्यात तिन्ही पिल्लं उन्हाने मेलेली. हा गडी केव्हाच पसार झाला होता.

"फांदी का छाटलीस रे?"

"आड येत होती. उजेड हवा होता ना, काकू."

"बरं. चल, तुझाही एक फोटो काढते."

बूट त्याने ओट्याखाली काढले होते. टोपी मी काढून घेतली आणि त्याला तसाच अनवाणी, भर बारा वाजता, अंगणातल्या तापलेल्या फरशीवर उभा केला. मोबाईल डोळ्यांसमोर धरून मी नुसती थांबले. आधी तो हसला, मग एकेक पाय उचलायला लागला.

"काकू, भाजतंय! सावलीत काढू या ना."

"हलू नकोस!" मी ओरडले. "मला उजेड हवाय."